उन्हाळ्यातली कोंबडी आणि छतावरची टाकी

नमस्कार श्रोतेहो. इंदूरजवळच्या सांवेर, देपालपूर, महूकडे ज्यांची शेतीसोबत पोल्ट्री आहे, त्यांच्याशी आज बोलायचंय.

भर दुपारी शेडमध्ये जाऊन बघा. कोंबडीची चोच उघडी, पंख अंगापासून सुटे, गळ्याची कातडी सारखी लपलपतेय. तिला घामाच्या ग्रंथीच नाहीत. धापा टाकूनच ती अंग गार करते. पण त्या धापांबरोबर कार्बन डायऑक्साइड भसाभसा बाहेर पडतो, रक्तातलं बायकार्बोनेट घटतं, आणि अंड्याच्या कवचाला तेच लागतं. म्हणून मे महिन्यात ट्रेमधली अंडी तडकतात. अशा वेळी नुसतं कॅल्शियम वाढवून भागत नाही.

इथे खाण्याचा सोडा, म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, कामाला येतो. एक टन खाद्याला 2 ते 5 किलो. मात्र सोड्यातही सोडियम असतं, तेव्हा मीठ त्या हिशोबानं कमी करा, नाहीतर विष्ठा पातळ होते आणि खालची भुशाची गादी ओली. व्हिटॅमिन सी कोंबडी स्वतःच्या मूत्रपिंडात बनवते, पण कडक उन्हात ते पुरत नाही. टनाला 200 ते 250 ग्रॅम द्यावं.

बरेच जण हे व्हिटॅमिन पाण्यातून देतात. आणि पाणी कुठलं? पत्र्यावरच्या काळ्या टाकीतलं! ड्रिंकरखाली हात धरा, आंघोळीला काढल्यासारखं लागेल. त्यात व्हिटॅमिन सी टिकत नाही. लोखंडी पिंपात तर आणखी लवकर जातं. महागडी पुडी वाया, शिवाय गरम पाणी कोंबडी पीतही नाही. आधी टाकीवर सावली करा, पाइपावर ओलं गोणपाट गुंडाळा. औषधाचं पाणी सकाळी, दोन-तीन तासांत संपेल एवढंच. त्यात सोडा घालू नका, व्हिटॅमिन लवकर नासतं.

खाद्याची वेळही सांभाळा. पचनाची उष्णता खाल्ल्यावर काही तासांनी चढते, म्हणून दहाच्या सुमारास खाद्य उचला, उतरत्या उन्हाला परत द्या. आपल्या माळव्याची संध्याकाळ गार असते, तेव्हा कोंबडी पोटभर खाते. शिंपल्याचा चुराही तेव्हाच टाका. कवच मुख्यतः रात्रीच घडतं.

आणि ब्रॉयलरवाल्यांनो, खाद्याच्या गोणीवरची चिठ्ठी वाचा. कॉक्सिडिओसिस या आतड्याच्या रोगासाठी त्यात निकार्बाझिन हे औषध असेल, तर उन्हाळ्यात मर वाढते. पशुवैद्याला विचारून बदलून घ्या.