दारावरची पाटी आणि चॅसीवरचा नंबर

(ऑन्टारिओतल्या मराठी मंडळींसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. इथे बसलेल्यांपैकी कुणी भारतात जुनी गाडी नावावर करून घेतली आहे? बरेच हात वर आले. मग चॅसीची पेन्सिल प्रिंट आठवत असेलच. आरटीओच्या बाहेरचा एजंट बॉनेट उघडायचा, नंबरावरची धूळ तेलकट फडक्याने पुसायचा, कागदाची पट्टी ठेवून वरून पेन्सिल घासायचा, आणि काळ्या पट्टीत पांढरे आकडे उमटायचे. ती पट्टी फॉर्मला चिकटवली की तो पुढच्या गाडीकडे. मी लहानपणी हे वडिलांच्या शेजारी उभा राहून पाहिलं आहे. पुढे तीस वर्षं इथल्या ऑटो पार्ट्सच्या काउंटरवर काढली. गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न एकच, "नंबर काय?" तरी स्वतःच्या गाडीच्या वेळी मी फसता फसता वाचलो, आणि वाचवलं ते त्या पेन्सिलीने. ते सांगतोच. आधी नंबर कसा वाचायचा ते पाहू.

आज आपल्याला सवय आहे ती सतरा अक्षरांच्या नंबराची. उत्तर अमेरिकेत तो १९८१ च्या मॉडेलपासून सक्तीचा झाला. पहिलं अक्षर देशाचं. १, ४, ५ म्हणजे अमेरिका, २ म्हणजे कॅनडा, ३ म्हणजे मेक्सिको. भारताचा एम. पुण्यातल्या घरी टाटाची गाडी असेल तर आरसी बुक काढून बघा, नंबर एम-ए-टी ने सुरू होईल. मारुतीचा एम-ए-३ ने. तसा इथला फोर्डचा ट्रक २-एफ-टी, शेव्हरोलेचा २-जी-सी आणि जीएमसीचा २-जी-टी; ही दोन्ही नावं जनरल मोटर्सचीच. दहावं अक्षर मॉडेलच्या वर्षाचं, १९८१ ला बी, १९८२ ला सी, असं पुढे. अकरावं कारखान्याचं. आय, ओ आणि क्यू ही अक्षरं नंबरात कुठेच येत नाहीत, कारण ती एक आणि शून्यासारखी दिसतात. कुणी विकायला आणलेल्या गाडीच्या कागदावर ओ दिसला तर तो शून्य तरी आहे नाहीतर लबाडी.

यातली सगळ्यात हुशार जागा नववी. तिथे गाडीची काही माहिती नसते, तिथे फक्त हिशोब असतो. प्रत्येक अक्षराला आकडा दिलेला, प्रत्येक जागेला वजन दिलेलं. गुणायचं, बेरीज करायची, ११ ने भागायचं. उरलेली बाकी नवव्या जागी. बाकी १० आली तर एक्स. कारकुनाने एखादा आकडा चुकवला की हिशोब जुळत नाही, चूक तिथल्या तिथे पकडली जाते. १९८१ च्या आधीच्या नंबराला हा पहारेकरी नाही. हे लक्षात ठेवा, कारण माझी गोष्ट इथेच अडणार आहे.

आता जुन्या गाड्या. प्रत्येक कंपनीची भाषा वेगळी. १९७३ ते १९८० मधला शेव्हरोलेचा पिकअप घ्या, नंबराची सुरुवात समजा सी-सी-एल-१४८१ अशी आहे. पहिला सी शेव्हरोलेचा; जीएमसी असता तर तिथे टी आला असता. दुसरा सी म्हणजे मागची दोनच चाकं ओढणारी गाडी. चारही ओढत असतील तर के. एल हे इंजिनाचं अक्षर, या उदाहरणात ३५० क्युबिक इंचाचं व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचं, चार-बॅरल कार्ब्युरेटरचं. पुढचा १ म्हणजे अर्ध्या टनाचा ट्रक, ४ म्हणजे पिकअप, ८ म्हणजे १९७८. आणि त्यापुढचा १? तिथे कारखाना असतो. अमेरिकेतल्या कारखान्यांना अक्षरं आहेत, फ्लिंटला एफ, जेन्सव्हिलला जे, सेंट लुइसला एस. इथल्या, ऑन्टारिओतल्या ऑशावाला मात्र अक्षर नाही, आकडा आहे: १. त्यामुळे नवखा माणूस १४८१ हा एकच आकडा समजतो आणि कारखाना शोधत बसतो. काउंटरवर मी हे किती वेळा समजावलं असेल त्याची मोजदाद नाही.

वर्षाचा एकच आकडा असतो हेही ध्यानात घ्या. ८ म्हणजे १९७८, पण दहा वर्षांपूर्वीही ८ होताच. म्हणून आधी गाडीचा चेहरा बघायचा, मग नंबर.

इंजिनालाही स्वतःचा नंबर असतो. शेव्हरोलेच्या छोट्या व्ही-८ ला तो पुढच्या बाजूला, उजव्या सिलिंडर हेडच्या खाली एका सपाट पट्टीवर ठोकलेला. के-०३१५ अशी सुरुवात दिसली तर के म्हणजे इथलाच सेंट कॅथरिन्सचा कारखाना, आणि इंजिन जुळवलं १५ मार्चला. गाडी जानेवारीत बाहेर पडलेली आणि इंजिन मार्चचं, तर ते नंतर बसवलेलं आहे, मालक काहीही सांगो.

कॅनडाच्या गाड्यांत लोक एवढे का गोंधळतात, याचं कारण नंबरात नाही, जकातीत आहे. पूर्वी अमेरिकेतून तयार गाडी आणली तर कॅनडाची आयात जकात साडेसतरा टक्के. म्हणून अमेरिकी कंपन्यांनी इथेच कारखाने चालवले, आणि इथल्या छोट्या बाजाराला पुरतील अशा वेगळ्याच गाड्या काढल्या. प्रेअरीतल्या, म्हणजे पश्चिमेकडच्या सपाट शेतीच्या मुलखातल्या, एखाद्या गावात फोर्डचा डीलर नाही, फोर्ड कंपनीच्याच मर्क्युरी या दुसऱ्या नावाचा आहे. मग त्याने शेतकऱ्याला ट्रक विकायचाच नाही का? म्हणून फोर्डच्याच ट्रकला वेगळी पुढची जाळी आणि वेगळं नाव देऊन मर्क्युरी ट्रक आला. १९४६ ते १९६८, आणि फक्त कॅनडात. क्रायस्लरच्या प्लिमथवाल्या डीलरांसाठी तसाच फार्गो. खाली क्रायस्लरचाच डॉज ट्रक, वर फार्गोची पाटी. तो इथे १९७२ पर्यंत चालला. फार्गो म्हटल्यावर मागच्या रांगेतल्या काकांनी मान हलवली. बरोबर, काका. आपल्याकडे कुर्ल्याच्या प्रीमियरने डॉज, फार्गो आणि डिसोटो अशा तिन्ही नावांचे ट्रक काढले. एकच ट्रक, तीन पाट्या. ही युक्ती मुंबईकरांना नवी नाही.

नाव बदललं की मॉडेलचा आकडाही बदलतो, आणि इथे मोठी फसगत होते. १९४८ साली अमेरिकेत फोर्डने अर्ध्या टनाच्या पिकअपला एफ-१ म्हटलं. कॅनडात तोच ट्रक एफ-४७, आणि मर्क्युरीच्या पाटीखाली एम-४७. हा ४७ कसला? गाडी आणि माल मिळून जास्तीत जास्त ४,७०० पौंड वजनाचा. पाऊण टनाचा म्हणून एम-६८. लोक मात्र बिनदिक्कत सांगतात, "ही १९४७ ची मर्क्युरी!" एका गृहस्थांनी तर नंबरप्लेटच तशी करून घेतली होती. त्यांना मी सांगितलं नाही. बायकोसमोर उभे होते.

हा वजनाचा कित्ता युद्धातही दिसतो. दुसऱ्या महायुद्धात कॅनडातल्या फोर्ड आणि जनरल मोटर्सने मिळून चार लाखांवर लष्करी ट्रक बनवले. त्यांची नावं सी-१५, एफ-३०, सी-६०-एल अशी. सी शेव्हरोले, एफ फोर्ड. १५ म्हणजे पंधरा हंड्रेडवेट (वीस हंड्रेडवेटचा एक टन), ६० म्हणजे साठ, म्हणजे तीन टन. शेवटचा एल लांब चॅसीचा, एस आखूड चॅसीचा. हे ट्रक भारतीय सैन्यातही होते आणि युद्धानंतर कित्येक नागरी वाहतुकीत आले. आणखी एक धागा सांगतो. भारतातली जुनी फोर्ड कंपनी ही डेट्रॉइटची नव्हे, कॅनडाच्या फोर्डची पोटकंपनी होती. ब्रिटन सोडून साम्राज्यातले बहुतेक देश कॅनडाच्या वाट्याला होते, कारण साम्राज्यांतर्गत मालाला जकातीत सवलत. तेव्हा आजोबांच्या काळातल्या एखाद्या फोर्डची कुंडली अमेरिकेच्या पुस्तकात सापडली नाही तर नवल वाटून घेऊ नका.

जानेवारी १९६५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन आणि कॅनडाचे पंतप्रधान पिअर्सन यांनी टेक्सासमध्ये जॉन्सनच्या रँचवर वाहन करारावर सह्या केल्या आणि कंपन्यांपुरती ही जकातीची भिंत पडली. त्याच वर्षी इथे ऑन्टारिओत ओकव्हिलला फोर्डचा ऑन्टारिओ ट्रक प्लांट सुरू झाला. तो २००४ साली बंद पडला. करारानंतर इथले ट्रक सर्रास अमेरिकेत जाऊ लागले. म्हणून आज ओहायोतल्या पिकअपच्या नंबरात ओकव्हिलचा सी किंवा ऑशावाचा १ दिसला, तर "ही कॅनडातून कुणीतरी आणलेली गाडी" असा निष्कर्ष काढायचा नाही. ती नवीकोरी तिथल्याच डीलरने विकलेली असू शकते.

आता माझी गोष्ट. मला १९७२ चा फोर्ड एफ-१०० हवा होता. जाहिरात होती: मूळ ३९० व्ही-८, ओकव्हिलमध्ये बनलेली. बघायला गेलो. फोर्डची नंबराची पाटी त्या काळी ड्रायव्हरच्या दारावर असे. तिच्यावर नंबराची सुरुवात एफ-१०-एच-सी-एन. वाचून टाकतो: एफ-१० म्हणजे एफ-१००. एच म्हणजे ३९०. सी म्हणजे ऑन्टारिओ ट्रक. पुढे एन पासूनचा अनुक्रमांक, तोही १९७२ शी जुळणारा. सगळं छान. मग ओनरशिपचा कागद, म्हणजे इथलं आरसी बुक, मागितला. त्यावर चौथं अक्षर वाय. वाय म्हणजे ३६०. पुढचा अनुक्रमांकही वेगळा. मालक म्हणाले, "अहो, कागद टाइप करणाऱ्याने घोळ घातला." आणि गंमत बघा, हे पटण्यासारखं होतं! १९७२ च्या नंबराला तो नववा पहारेकरी नाही, तेव्हा कागद चूक की पाटी चूक हे हिशोबाने ठरत नाही.

मग इंजिनच तपासू म्हटलं. पण ३६० आणि ३९० बाहेरून जुळे भाऊ. ब्लॉक तसाच, सिलिंडरचा व्यास तोच, ४.०५ इंच. फरक फक्त पिस्टन वर-खाली किती फिरतो त्यात: एकात ३.५० इंच, दुसऱ्यात ३.७८. म्हणजे साधारण सात मिलिमीटर. पहिल्या सिलिंडरचा स्पार्क प्लग काढला, भोकातून लाकडी काडी आत सोडली, पाना लावून इंजिन हाताने फिरवलं. काडी वर आली तिथे खूण, खाली गेली तिथे खूण. काडी थोडी तिरकी बसते, पण फूटपट्टी साडेतीनच्या आसपास थांबली. वायचं पारडं जड झालं. तरीही मालक ठाम. "इंजिन मध्ये बदललं असेल, गाडी मूळची ३९० चीच."

तेव्हा वडिलांच्या वेळचा तो एजंट आठवला. फोर्डने हाच नंबर चॅसीवरही ठोकलेला असतो, उजव्या बाजूच्या रेलच्या माथ्यावर, पुढच्या चाकाच्या आसपास. इथल्या रस्त्यांवरच्या मिठाने तिथे गंजाचे पापुद्रे आलेले. ताराच्या ब्रशने हळूहळू साफ केलं. ग्राइंडर कधीच लावायचा नाही. आकडे उडाले तर गाडी अनाथ होते आणि पोलीस तुम्हालाच विचारतात. तरी डोळ्यांना काही लागेना. कागद ठेवला, पेन्सिल आडवी धरून घासली. एफ, १०, मग वायची दोन शिंगं स्पष्ट. पुढचे आकडे ओनरशिपशी एकेक करून जुळले. कागद खरा, चॅसी खरी. खोटं होतं ते दार. कुणीतरी सडलेलं दार काढून भंगारातलं चांगलं दार लावलेलं, आणि पाटी दाराबरोबर आलेली. मालकांनाही ते माहीत नसावं, असं मी आजही धरून चालतो.

भाव तीनशे डॉलर उतरवून गाडी घेतली. घरी आणल्यावर दाराची पाटी पुन्हा निवांत वाचली. तिच्यावर चाकांमधलं अंतर लिहिलेलं असतं: ११५ इंच. म्हणजे आखूड हौद्याचा ट्रक. माझा लांब हौद्याचा, १३१ इंच. मी बोटभर काडी घेऊन सात मिलिमीटर शोधत होतो, आणि चाळीस सेंटिमीटरचा फरक अंगणात उभा होता! बायकोने टेप धरली होती. ती काही बोलली नाही, टेप सोडून दिली.

एक सांगायचं राहिलं. अशी परकी पाटी काढून नव्या छापलेल्या पाटीवर आपला नंबर ठोकून लावावा असा मोह होतो. तशा पाट्या मिळतातही. तसं करू नका, नंबराच्या पाटीशी खेळणं हा गुन्हा आहे. जनरल मोटर्सची गाडी असेल तर कॅनडातल्या कंपनीकडून जुन्या गाड्यांची कागदपत्रं पैसे भरून मागवता येतात, ती मागवा.

प्रश्न आला आहे, ते दार मग कुठल्या गाडीचं? तेही पाटीवर आहे. खालच्या ओळीत विक्री-विभागाचा कोड असतो. कॅनडातल्या फोर्डच्या विभागांना बी आणि पुढे आकडा. माझ्या दारावर बी-७ आहे, म्हणजे पॅसिफिक विभाग. ३९० इंजिनाचा, आखूड हौद्याचा एक ट्रक पश्चिम किनाऱ्याकडे विकला गेला होता, आणि त्याचं एवढंच दार माझ्याकडे पोचलं. बाकी गाडीला मी आतापर्यंत सोळा ठिगळं लावली. त्या दाराला अजून एकही नाही.