नृत्यातली वजाबाकी : चंद्रलेखा यांच्या निमित्ताने

अध्यक्षमहोदय आणि रसिकहो,

निमंत्रणपत्रिकेवर आजचा विषय ‘आधुनिक नृत्यरचना कशी घडते’ असा छापला आहे आणि त्यासाठी मला पन्नास मिनिटे दिली आहेत. त्यातली नऊ मिनिटे स्वागत, सत्कार आणि समई पेटवण्यात गेली, कारण वरचा पंखा बंद करण्याचे कोणाला सुचले नाही. उरलेल्या वेळात मला एकच गोष्ट सांगायची आहे. नृत्यात नवे काही करायचे म्हणजे जुन्यात नवी भर घालायची, असा आपला समज असतो. गेली वीस वर्षे स्वतः रचना बसवताना मला त्याच्या उलट अनुभव येत गेला आहे. रचनाकार काय गाळतो आणि गाळून झाल्यावर उरलेल्या जागेचे काय करतो, यावर नवेपण ठरते. यासाठी मी भरतनाट्यम नर्तकी आणि नृत्यरचनाकार चंद्रलेखा यांचे उदाहरण घेणार आहे.

चंद्रलेखांचा जन्म 6 डिसेंबर 1928 रोजी वाडा येथे झाला. वाडा म्हटले की आपल्याला कोलम तांदूळ आठवतो, ही नर्तकी आठवत नाही, याचे मला दर वेळी वाईट वाटते. घर गुजराती होते. मुंबईत त्यांनी कायद्याचे शिक्षण घ्यायला सुरुवात केली, मग ते सोडून त्या मद्रासला गेल्या आणि गुरू एलप्पा पिळ्ळै यांच्याकडे भरतनाट्यम शिकल्या. 1952 साली त्यांचे अरंगेत्रम, म्हणजे पहिले जाहीर नृत्य-सादरीकरण, झाले. त्याची हकीगत त्यांनी स्वतः सांगितलेली आहे आणि माझ्या विद्यार्थिनींनी ती माझ्याकडून इतक्यांदा ऐकली आहे की आता मागच्या रांगेतून माना हलताना मला दिसत आहेत.

तो कार्यक्रम आंध्रातल्या रायलसीमेतल्या दुष्काळग्रस्तांच्या मदतीसाठी होता. गुरुजी ‘मथुरा नगरिलो’ गात होते. त्या पदात यमुना आहे, सख्यांची जलक्रीडा आहे, ओंजळीने उडवलेले पाणी आहे, ओली वस्त्रे आहेत. म्हणजे पाण्याची नुसती लयलूट आहे. ते सारे हातांनी दाखवत असतानाच वर्तमानपत्रात पाहिलेली छायाचित्रे त्यांना आठवली. भेगाळलेली जमीन, आणि हातात लहानसे डबे घेऊन पाण्यासाठी लांबलचक रांगेत उभी असलेली माणसे. ज्यांच्यासाठी आपण नाचतो आहोत त्यांच्याकडे थेंब नाही आणि आपण इथे पाण्याचा पूर दाखवतो आहोत, हे जाणवून त्या क्षणभर जागीच गोठल्या. आपण दोन माणसांत विभागलो गेलो, असे त्यांना वाटले. नृत्यशिक्षिका म्हणून या हकिगतीत मला महत्त्वाचे वाटते ते हे, की त्यांच्या मुद्रा बरोबर होत्या, ताल बरोबर होता, गाणे उत्तम चालले होते आणि हेतूही चांगला होता. दोष काढायला कुठे जागाच नव्हती. सर्व काही बरोबर असूनही काहीतरी चुकते आहे असे जिला वाटते, तीच नवी रचना करायला निघते. जिची मुद्राच चुकते, तिने आधी रियाज करावा.

इथे थोडे विषयांतर करते, म्हणजे विषयांतर आहे असे आपल्याला वाटेल. काही वर्षांपूर्वी एका महोत्सवात मी बावीस मिनिटांची रचना सादर केली. तीन मुली, आणि टाच जमिनीवरून उचलली जाण्यापूर्वी शरीरात काय काय घडते, एवढाच विषय. आयोजकांनी पत्रकासाठी कथासार मागितले. कथा नाही, असे मी कळवले. ‘मग थोडक्यात पाठवा,’ असे उत्तर आले. मी काही पाठवले नाही, तेव्हा निवेदकांनी ती उणीव स्वतःच्या प्रतिभेने भरून काढली. दिवे मंद झाले आणि पडद्याआडून मी ऐकले, ‘आता सादर होत आहे राधेची विरहव्यथा.’ त्या क्षणापासून सभागृहातला एकही डोळा टाचेकडे गेला नाही. तिघींपैकी राधा कोणती, हेच सर्वजण शोधत राहिले. कार्यक्रम संपल्यावर एक वयस्कर गृहस्थ भेटले आणि अतिशय आपुलकीने म्हणाले, ‘छान झाले, पण दोन राधा जरा जास्त होत्या.’ मी त्यांना नमस्कार केला, कारण माझी रचना लक्ष देऊन पाहणारा तो बहुधा एकमेव माणूस होता. सांगायचे हे, की रचनाकाराने गोष्ट गाळली तरी सभागृह ती परत आणून ठेवते, आणि तीही हौसेने. मग गाळायचे कसे?

अध्यक्षांकडून चिठ्ठी आली आहे. तिच्यावर ‘सात मिनिटे’ असे लिहिले आहे. ठीक आहे.

चंद्रलेखांनी सर्वांत आधी स्वतःचे नाचणे गाळले. 1960च्या सुमारास ‘देवदासी’ आणि 1972 मध्ये ‘नवग्रह’ या रचना, आणि मग बारा वर्षे रंगमंचापासून जवळजवळ दूर. या काळात त्यांनी लेखन केले, भित्तिपत्रके केली, स्त्री-चळवळीत काम केले. 1984 मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय संगीत-नाट्य केंद्रात पूर्व-पश्चिम नृत्यसंवाद भरला, तिथे त्या परतल्या आणि पुढच्याच वर्षी ‘आंगिक’ ही रचना आली. तिच्यात देवकथा नव्हती, नायिका नव्हती. उरले होते ते शरीर. मग भरतनाट्यमच्या शेजारी कळरीपयट्टू ही केरळची युद्धकला आणि योग येऊन उभे राहू शकले. अरैमंडी, म्हणजे गुडघे बाहेर वळवून घेतलेली अर्धी बैठक, तिच्यावर एरवी नायिकेचा शृंगार चढवलेला असतो. तो उतरवला की खाली भूमिती दिसते, आणि चंद्रलेखा तिच्याकडे मंडल म्हणूनच पाहत.

1989 मधली ‘लीलावती’ तर आपल्या घरची. भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’ या बाराव्या शतकातल्या गणिताच्या ग्रंथावर चंद्रलेखांनी नृत्य बसवले. ग्रंथातले एक कोडे असे : भुंग्यांच्या थव्याचा पाचवा भाग कदंबावर गेला, तिसरा भाग शिलींध्रावर, या दोहोंतल्या फरकाच्या तिप्पट कुटजावर, आणि एक भुंगा केतकी व मालती यांच्या गंधात सापडून आकाशात इकडेतिकडे भटकतो आहे, हरिणाक्षी, भुंगे किती ते सांग. उत्तर पंधरा. कमळासाठी अलपद्म आणि भुंग्यासाठी भ्रमर हे हस्त, म्हणजे हाताच्या मुद्रा, भरतनाट्यममध्ये पहिल्यापासूनच आहेत. विरहिणीच्या नोकरीतून सुटलेले हे हस्त इथे मोजणीला लागतात, तेव्हा एकही मुद्रा नवी नसताना रचना नवी होते. माझ्या म्हणण्याचा याहून सोपा पुरावा माझ्याजवळ नाही.

‘श्री’ (1991) मधल्या पाठीतून वाकलेल्या बायकांच्या चालीबद्दल स्वतंत्र तासभर बोलायला हवे. ती चाल पाहिल्यावर बाईचा पाठकणा ताठ होणे हीच एक घटना असू शकते, तिला वेगळे कथानक लागत नाही, एवढेच आज सांगते. 2001 मधल्या ‘शरीर’मध्ये त्यांनी वेगही गाळला. एक स्त्री, एक पुरुष आणि ध्रुपद. हालचाल इतकी संथ की पाय वर जाताना तो कधी निघाला हे सांगता येत नाही, आणि प्रेक्षकाला राधा शोधायला वाव उरत नाही, कारण तो आपोआप स्वतःच्या श्वासाकडे वळतो. माझ्या मघाच्या प्रश्नाचे उत्तर मला तिथे मिळाले. नुसती गोष्ट गाळून भागत नाही. गोष्ट शोधायला लागणारी घाईसुद्धा गाळावी लागते, आणि माझ्या बावीस मिनिटांत ती घाई मी तशीच ठेवली होती, हे आज निवेदकांची क्षमा मागून कबूल करते. ‘शरीर’नंतर पाच वर्षांनी, 30 डिसेंबर 2006 रोजी, चंद्रलेखा गेल्या.

दुसरी चिठ्ठी आली आहे. माझी विद्यार्थिनी आता तीन मिनिटे फक्त अरैमंडीत बसणार आणि उठणार आहे. दिवे कमी करावेत, पंखा बंद करावा आणि निवेदकांनी कृपया बसून राहावे.