कानानं शिजवायचा भात

श्रोतेहो, नमस्कार.

आज एका भाताविषयी बोलायचं आहे. हा भात शिजलाय की नाही हे शेवटी कानच सांगतो, त्यामुळे रेडिओवरून तो शिकवायला मला जराही संकोच वाटत नाही.

स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावर वालेन्सिया नावाचं शहर आहे. शहराच्या दक्षिणेला आल्बुफेरा नावाचं मोठं सरोवर आणि त्याच्या चहूबाजूंनी भातखाचरं. ही शेती तिथे अरबांनी नेली. स्पॅनिश भाषेतला तांदळाचा शब्द अरबीतून आला आणि केशराचाही. 'जाफरान' म्हटलं की आपल्याला कळतं, स्पेनमध्येही त्याचंच भावंड वापरतात. या खाचरांच्या आणि मळ्यांच्या मुलखातल्या माणसांचं दुपारचं जेवण म्हणजे पाएया. हॉटेलांच्या कार्डावर तुम्ही 'पाएला' वाचलं असेल, तोच.

खरं तर पाएया हे भाताचं नाव नाहीच, ते भांड्याचं नाव आहे. रुंद, उथळ, दोन कानांचं पातळ लोखंडी भांडं. संत्र्याच्या लाकडांच्या जाळावर ते ठेवायचं आणि रानात, घरात जे हाताशी असेल ते त्यात घालायचं. कोंबडी, ससा, कधी गोगलगाई, चपट्या हिरव्या शेंगा आणि 'गार्रोफो' नावाचा मोठा पांढरा दाणा. हा दाणा आपल्या डबल बीच्याच जातीचा. म्हणजे वालेन्सियाचं अर्धं सामान आपल्या वाण्याकडे आहेच. कोळंबी-शिंपल्यांचा पाएया किनाऱ्यावर होतो, पण वालेन्सियाची माणसं आपला म्हणून सांगतात तो हा शेतातला.

आणि सांगतात म्हणजे भांडून सांगतात! 2016 साली जेमी ऑलिव्हर या ब्रिटिश शेफनं पाएयात चोरिझो, म्हणजे डुकराच्या मांसाचं मसालेदार सॉसेज, आपल्या गोव्याच्या चोरिसाचा चुलतभाऊ, घालायची कृती दिली, तर स्पेनमध्ये गहजब झाला. अशा मिश्रणाला तिथे 'अर्रोस कोन कोसास' म्हणतात, भात आणि कायकाय. 2021 साली वालेन्सियाच्या सरकारनं पाएयाला सांस्कृतिक वारशाचा दर्जा दिला. हसू नका, पुरणपोळीत कुणी चॉकलेट भरलं की आपलं काय होतं ते आठवा.

आता घरी करायचा तर पहिली गोष्ट भांडं. कढई नको, पातेलं नको आणि कुकर तर मुळीच नको. मी पहिल्यांदा कुकर लावला होता. केशर घातलेली खिचडी झाली. चांगली झाली, पण खिचडीच. भाताचा थर बोटभर जाडीचाच हवा, म्हणून भांडं जेवढं पसरट तेवढं बरं. चौघांसाठी 400 ग्रॅम तांदूळ. बासमती नको. तिथला 'बोंबा' तांदूळ आखूड आणि गुबगुबीत असतो, पाणी भरपूर पितो आणि तरी फुटत नाही. मी जुना कोलम वापरते. आंबेमोहोर वापरून पाहिला, पण तो मऊ पडतो आणि त्याचा वास केशराला बोलू देत नाही.

ऑलिव्ह तेलात मीठ लावलेले कोंबडीचे तुकडे तांबूस होईपर्यंत परता. इथे घाई केली तर पुढे चव येत नाही, वीसेक मिनिटं सहज जातात. मग फरसबी आणि आधी भिजवून अर्धवट शिजवलेली डबल बी. मधे जागा करून किसलेला टोमॅटो घाला, पाणी आटू द्या. कांदा? वालेन्सियात घालत नाहीत, भात मऊ पडतो म्हणतात. मग चमचाभर लाल तिखट, रंगाचं, झणझणीत नव्हे. ते पटकन करपतं, म्हणून पाणी हाताशी ठेवूनच घाला आणि लगेच पाणी ओता. केशर, मीठ, मिळालीच तर रोझमेरीची काडी. अर्धा तास उकळू द्या. रस्सा जरा खारटच लागायला हवा, मीठ तांदूळ ओढून घेतो. तांदूळ घालताना रस्सा त्याच्या अडीचपट राहिलेला असावा. कमी वाटला तर गरम पाणी घाला.

तांदूळ पसरा, एकदा सारखा करा. आणि डाव खाली ठेवा. आता ढवळायचं नाही. आपल्या हाताला हे फार जड जातं, मला माहीत आहे. पण ढवळलं की पिठूळपणा सुटतो आणि सगळं गिचका होतं. घरच्या शेगडीचा जाळ मधेच लागतो, तेव्हा भात हलवू नका, भांडं फिरवा.

आठ-दहा मिनिटं मोठा जाळ, मग तेवढाच वेळ मंद. आता ऐका. आधी खदखद असते. पाणी ओसरलं की बुडबुड बारीक होते. आणि मग तळातून तडतड ऐकू येते, तेलात मोहरी फुटावी तशी, पण दबकी. पाणी संपून तेल उरल्याची ती खूण. वरचं एक शीत चाखा, पण शितावरून इथे सगळ्या भाताची परीक्षा होत नाही, तळाचं काय चाललंय ते कानालाच कळतं. तडतड सुरू झाली की मिनिटभर जाळ वाढवा. खमंग वास आला तर ठीक, धुराचा आला तर गॅस लगेच बंद. तळाशी जो तांबूस, कुरकुरीत थर धरतो त्याला तिथे 'सोकार्रात' म्हणतात. आपल्याकडे खरवड म्हणतात, आणि तिच्यासाठी आपण पातेलं खरवडतोच.

वर स्वच्छ कापड टाकून पाच मिनिटं ठेवा. वालेन्सियात घरोघरी रविवारी दुपारी भांडं तसंच मधे ठेवतात, भोवती बसतात, लाकडी चमच्यानं जो तो आपल्यासमोरचा भाग खातो. शेजाऱ्याच्या हद्दीत चमचा घालत नाहीत.

तुमच्याकडे एवढी शिस्त नसेल, तर मधल्या खरवडीचं काय करायचं ते भात उतरवण्याआधीच ठरवून ठेवा.

नमस्कार.