कोआलाचा डोळा

(दृश्य : निलगिरीच्या बेचक्यात कोआला मादी, पाठीवर पिल्लू. कॅमेरा हळूहळू जवळ.)

तिचा डावा डोळा बघा. पापणी सुजून लालबुंद झालीय, कडेला पू वाळून केस चिकटलेत. ती झोपलेली नाही, डोळा उघडतच नाहीये. आता मागची बाजू. तिथली लव एरवी पांढरट असते. हिची तपकिरी पडलीय, ओली आहे. मूत्राशयाला सूज आलीय, लघवी थेंबथेंब गळतेय. प्रत्येक थेंबाला आग होत असणार.

हे क्लॅमिडिया पेकोरम या जिवाणूचं काम. पूर्व ऑस्ट्रेलियातल्या कोआलांमध्ये तो समागमातून पसरतो, आईकडून पिल्लाकडेही जातो.

तो थेट पेशीच्या आत घर करतो. जंतूंना पकडणारी रक्तातली प्रतिपिंडं बाहेरच राहतात. मग टी-पेशी, म्हणजे शरीराच्या संरक्षक पेशी, पुढे होतात, बाधित पेशी हुडकून मारतात. पण ही झुंज रेंगाळली की दाहच शरीराच्या मुळावर येतो. अंडनलिकेत व्रण धरतात, पाण्याच्या गाठी होतात. पुढे त्या मादीला पिल्लू होत नाही.

प्रतिजैविकं आहेत. पण कोआलाच्या बाबतीत ती फार जपून द्यावी लागतात. निलगिरीचं पान चिवट आणि विषारी. विषाचं यकृत बघून घेतं. पचनाला मात्र आतड्यातले जिवाणू लागतात. पिल्लू साधारण सहा महिन्यांचं झालं की आई एक खास पातळ विष्ठा सोडते. पिल्लू पिशवीतून तोंड काढून ती खातं, त्यातून हे जिवाणू मिळवतं आणि मगच पानाला तोंड लावतं. औषध या जिवाणूंनाही मारतं. डोळा बरा झालेला कोआला भरल्या झाडावर उपाशी मरू शकतो. पोटात कालवतं हे ऐकून.

म्हणून लस हवी होती. सनशाइन कोस्ट विद्यापीठात पीटर टिम्स आणि सहकारी दहा वर्षांहून अधिक काळ तिच्यामागे होते. जिवाणूच्या आवरणातलं प्रथिन शरीराला आधीच ओळखीचं करून द्यायचं, ही त्यामागची कल्पना. सप्टेंबर २०२५ मध्ये वापराला परवानगी मिळाली. एकच डोस पुरतो, आणि हे फार मोलाचं आहे: रानातला कोआला दुसऱ्यांदा हाती लागेलच असं नाही.

(दृश्य : पिल्लाचा चेहरा.)

आईचे व्रण आता जाणार नाहीत. पिल्लाच्या डोळ्यांतून कापसाची काडी फिरवून नमुना घेतलाय. निकाल यायचाय. तोवर ते आईची पाठ घट्ट धरून बसलंय.