जॅमिंगचं गणित: अंतर मोजायचं कुठून?

नमस्कार मंडळी! वायरलेस जॅमिंगच्या, म्हणजे मुद्दाम गोंगाट करून रेडिओ सिग्नल बुडवण्याच्या, गणिती मॉडेलवर व्हिडिओ करा, करा म्हणून मागे लागला होतात, तर घ्या. 'जॅमर कसा बनवायचा' विचारणाऱ्यांनी मात्र इथूनच रजा घ्यावी. कितीही कमेंट टाका, उत्तर मिळणार नाही.

बेसिक पटकन उरकतो. हवा असलेला सिग्नल भागिले (नॉइज अधिक जॅमरची पॉवर), म्हणजे एसआयएनआर. तो घसरला की बिट चुकतात, बिट चुकले की पॅकेट गेलं. चॅनेलमधून जास्तीत जास्त किती वेगाने डेटा जाईल हे सांगणारं शॅननचं सूत्र तुम्हाला येतंच. पुढे.

आता माझं डोकं फिरवणारी गोष्ट. जॅमरचं अंतर रिसीव्हरपासून मोजायचं. रिसीव्हरपासून! एका विद्यार्थ्याने सिम्युलेशन पाठवलं होतं. ग्राफ काय देखणे! आणि कोडमध्ये डाउनलिंकसाठी, म्हणजे राउटरकडून फोनकडे येणाऱ्या सिग्नलसाठी, जॅमर ते राउटर अंतर धरलेलं. सगळी मेहनत पाण्यात.

आकड्यांत बघा. फोनपासून राउटर 20 मीटरवर, जॅमर 10 मीटरवर, दोघांची पॉवर आणि अँटेना सारखेच. पाथ लॉसचा, म्हणजे अंतराबरोबर सिग्नल किती झपाट्याने विरतो त्याचा, घातांक मोकळ्या जागेत 2, म्हणजे फोनपाशी जॅमर चौपट, 6 डेसिबलने वरचढ. अडथळ्यांमुळे घातांक 4 धरला तर 16 पट, 12 डेसिबल. हो, भिंतींनी फायदा जवळच्याचाच होतो. यात जॅमर ते राउटर अंतर कुठे आलं? कुठेच नाही.

आता उलटी दिशा. फोन बोलतोय, राउटर ऐकतोय, म्हणजे रिसीव्हर बदलला. जॅमर राउटरपासून 30 मीटरवर असेल आणि फोनची पॉवरही तेवढीच असेल, तर घातांक 2 धरून तिथे फोनच साडेतीन डेसिबलने वरचढ. कमी वेगाचं पॅकेट पोचेलही, पण पोचपावती फोनला ऐकू येणार नाही आणि तो तेच पॅकेट पुन्हा पाठवत बसेल. जॅमर तोच, जागा तीच, दोन दिशांना दोन उत्तरं.

अजून पटत नसेल तर जीपीएस घ्या. उपग्रह सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवर. जमिनीवर सिग्नल पोचतो उणे 130 डीबीएमच्या आसपास, म्हणजे एका वॅटच्या अब्जाव्या भागाचा कोटीवा भाग. उपग्रहाला कोणी हातही लावत नाही, बिचारा रिसीव्हर मरतो.

लगेच कोणीतरी लिहील, 'सर, वाय-फाय पाठवण्याआधी चॅनेल ऐकतं ना?' बरोबर. सतत बोलणारा जॅमर पाठवणाऱ्याजवळ असेल तर त्याला चॅनेल कायम बिझी वाटतो आणि तो गप्प बसतो. पण तेव्हा ऐकणारा तोच असतो! नियम मोडला नाही.

दुसरी चूक, सरासरी पॉवर. रिअ‍ॅक्टिव्ह जॅमर पॅकेट दिसेपर्यंत गप्प असतो, मग क्षणभर दणका देतो. त्याची सरासरी काढाल तर तो निरुपद्रवी दिसेल. एरर करेक्शन, म्हणजे चुकलेले बिट दुरुस्त करण्याची सोय, नाही धरलं, तर 1500 बाइटच्या पॅकेटमध्ये 12,000 बिट, आणि एक चुकला तरी चेकसम, म्हणजे पॅकेट धड आलं का याची पडताळणी, फेल. बिट चुकण्याची शक्यता दहा हजारात 1 असली, तरी अख्खं पॅकेट वाचण्याची शक्यता जेमतेम 30 टक्के.

तिसरी चूक, बेरीज. वाय-फायच्या मार्कोव्ह साखळीत, म्हणजे पाठवणं, थांबणं, पुन्हा पाठवणं या टप्प्यांच्या शक्यतांच्या मॉडेलमध्ये, दोन पॅकेटांच्या टक्करीची शक्यता p आणि जॅमिंगची q यांची नुसती बेरीज करू नका. दोन्ही स्वतंत्र असतील तर अपयश म्हणजे 1 वजा (1−p)(1−q). आणि जॅमर रिअ‍ॅक्टिव्ह असेल तर हेही चालणार नाही, कारण तो तुमचं पॅकेट बघूनच उठतो. तिथे q पॅकेटच्या लांबीनुसार बदलावा लागतो: पॅकेट जितकं लांब, तितका त्याला नेम धरायला वेळ.