पास कोणाच्या नावाचा?

नमस्कार मंडळी. आजचं बोलणं ज्यांच्या घरात स्पेशल एज्युकेशन घेणारं मूल आहे त्यांच्यासाठी, आणि शेजारी असं मूल असेल तरी ऐका, त्यांना सांगता येईल. आपल्या मुलाला शिकवणाऱ्या टीचरचं शिक्षण नक्की काय झालंय, ते बघायचं कसं?

तर स्पेशल एज्युकेटर म्हणून काम करायला रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे, म्हणजे आरसीआयकडे, नाव नोंदवावं लागतं. १९९२ चा कायदा आहे. नोंद झाली की सेंट्रल रिहॅबिलिटेशन रजिस्टरमधला, म्हणजे सीआरआर नंबर मिळतो. परत सांगते, सीआरआर नंबर. नुसतं बीएड चालत नाही, स्पेशल एज्युकेशनमधलं डीएड नाहीतर बीएड हवं, आणि वर हा नंबर हवा.

आता डिचोलीकडच्या आमच्या ओळखीच्या एका काकांचं ऐका. कदंबातून, म्हणजे आपल्या गोव्याच्या सरकारी बसमधून, कंडक्टर म्हणून रिटायर झालेले. नातू नऊ वर्षांचा, त्याला ऑटिझम आहे. सुनेने म्हापशाला एक प्रायव्हेट सेंटर शोधलं, सोबत काका पण गेले. सेंटर एकदम झकास, एसी, भिंतीवर फुलपाखरं, आणि समोरच ओळीने फ्रेम केलेली सर्टिफिकेटं. सून फीचं बोलत बसली आणि काका चष्मा चढवून भिंतीला चिकटले. पहिलं सर्टिफिकेट दोन दिवसांच्या वर्कशॉपला हजर राहिल्याचं. दुसरं तसलंच. तिसरं कसल्याशा वेबिनारचं. चौथं मात्र खरं, आरसीआयचं, नंबरासकट. काका खूश. पण सवय कुठली जाते, नाव वाचलं, तारीख वाचली आणि काउंटरवरच्या मुलीला विचारलं, "बाय, ह्या मॅडम खंय आहेत?"

"त्या लग्न करून पुण्याला गेल्या."

"मग शिकवतं कोण?"

"आतल्या मॅडम. त्यांचा कोर्स चालू आहे अजून."

"म्हणजे पास एकाचा आणि सीटवर बसलाय भलताच! आणि पासाची मुदत पण संपलेली!"

सून अर्धी झाली लाजेने, बाबा चला ना, लोक बघतायत. पण काका कसले हलतात, आयुष्यभर पास उलटापालटा केल्याशिवाय परत दिला नाही असं ते स्वतःच सगळ्यांना सांगत असतात. (जाता जाता, मशीनवरची ती तिकिटं, खिशात ठेवली की दुपारपर्यंत कोरी, जुनी कागदी बरी होती, असं माझं मत, कोणी विचारलेलं नाही तरी.) शेवटी मालक बाहेर आले. म्हणाले, काका, मॅडम मुलांवर फार प्रेम करतात हो. काका म्हणाले, "प्रेम ह्याची आजी पण करते, ती फी घेत नाही."

मग दुसरं सेंटर बघितलं. ह्यावेळी सुनेनेच नंबर मागितला. तिथल्या मॅडमनी लगेच दाखवला आणि आपणहून सांगितलं की माझं ट्रेनिंग कर्णबधिर मुलांचं, ऑटिझमसाठी आमच्या दुसऱ्या टीचर मंगळवारी आणि शुक्रवारी येतात, त्यांना भेटा. आता नातू त्यांच्याकडे जातो. शुक्रवारी म्हापशाचा बाजार, गाडी लावायला जागा मिळेल तर शपथ, पण जातात बिचारे.

तर मुद्दा हाच. नंबर असला तरी तो कशातला ते बघा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारच्या डिसॅबिलिटी धरल्यात, सगळ्यांचं ट्रेनिंग एकाच माणसाकडे कुठून असणार. तुमच्या मुलाला जे आहे त्यातलंच शिक्षण झालंय का, ते विचारा. नाव त्याच टीचरचं का, ते बघा. आणि तारीख, कारण ही नोंदणी पाच वर्षांनी रिन्यू करावी लागते. आरसीआयच्या साइटवर नाव टाकून शोधता येतं, घरात कॉलेजवालं कोणी असेल तर त्याला लावा कामाला, नाहीतरी रील्सच बघत असतो. फिजिओथेरपिस्टचं नाव मात्र तिथे शोधू नका, त्यांचं रजिस्ट्रेशन वेगळं.

मूल नेहमीच्या शाळेत असेल तर हेडमास्तरांना विचारा, आमच्या मुलाला बघणारी रिसोर्स टीचर कोण, ती कुठल्या वारी येते आणि तिचा सीआरआर नंबर काय. वर्गाच्या बाईंना नको, त्यांच्या हातात नसतं ते. आणि नंबर बरोबर निघाला म्हणून लगेच पैसे भरू नका, एक दिवस बसून बघा. मूल रडायला लागलं की टीचर काय करते, फोन बघते की मुलाकडे, ते कुठल्याच सर्टिफिकेटवर छापलेलं नसतं.

नोंदणी नसताना हे काम केलं तर १९९२ च्या त्या कायद्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हजार रुपये! चवथीला गणपतीवर बांधायच्या माटोळीचं, फळाफुलांचं सामान तेवढ्यात पुरं होत नाही. तरी तक्रार करायची असेल तर करा, लेखी करा, आरसीआयला पाठवा आणि एक कॉपी पणजीला दिव्यांगजन आयुक्तांच्या ऑफिसात द्या, तेच हो, २०२३ पासून दिव्यांगांचा पर्पल फेस्ट भरवतात ते. सोबत फीची पावती जोडा. पावतीच देत नसतील तर ते आधी लिहा.