मुलुंडकर ठाण्याला का येतो?

(नौपाड्यातल्या ज्येष्ठ नागरिकांच्या मासिक सभेत झालेलं भाषण, संपादित)

नमस्कार मंडळी. फळ्यावर विषय लिहिलाय, ‘लंडन ते न्यूयॉर्क, परवडणारा बिझनेस क्लास’. तिकडे येतोच. आधी मला सांगा, मुलुंडला राहणारा माणूस सकाळी मुंबईला जायला आधी ठाण्याला का येतो?

बरोबर! बसायला मिळावं म्हणून. फोर्टातल्या नोकरीची पहिली एकोणीस वर्षं मी हेच केलं. उलटी गाडी पकडून ठाणे, तिथून सुटणारी ठाणे लोकल, खिडकीची जागा. दहा मिनिटांत तीच गाडी मुलुंडला यायची आणि माझ्याच गल्लीतली मंडळी दाराला लोंबकळायला लागायची. पण पास मी ठाण्यापासूनचा काढायचो. ही पासची गोष्ट लक्षात ठेवा. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी आपल्याच गावी येऊन थांबली. कुठून बसायचं ही विद्या ठाणेकराला कुणी शिकवायला नको.

आता माझं प्रकरण. मुलगा इंग्लंडात रेडिंगला, मुलगी न्यू जर्सीत. तुमच्यापैकी निम्म्या घरांत असंच आहे, माना हलताना दिसतायत. करोनाच्या आदल्या वर्षी आम्ही दोघं मुलाकडे होतो आणि तिथून मुलीकडे जायचं होतं. हिच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली. डॉक्टरांनी बजावलं होतं, आठ तास पाय दुमडून बसायचं नाही. म्हणजे आडवं होता येईल अशीच सीट हवी. लंडनहून भाव काढला आणि मी संगणक बंद केला.

मग इथल्याच एका एजंटने, नाव घेत नाही, तिकीट काढून दिलं. आयर्लंडमधलं डब्लिन–लंडन–नेवार्क (न्यूयॉर्कला लागून असलेला न्यू जर्सीतला विमानतळ) आणि तसंच परत. लंडनहून पुढचं विमान तेच, सीट तीच, भाव जवळजवळ निम्मा. मी विचारलं, “आम्ही तर लंडनजवळ राहतोय, डब्लिनला कशाला जायचं?” तो म्हणाला, “काका, तो तुकडा सोडून द्या. सरळ लंडनहून चढा.”

मी ऐकलं. पास ठाण्याचा काढणारा मी, त्या दिवशी कसं ऐकलं कोण जाणे! हीथ्रोच्या काउंटरवरची मुलगी पडद्याकडे बघत राहिली. म्हणाली, तुम्ही डब्लिनहून निघालाच नाहीत, त्यामुळे पुढचं सगळं तिकीट रद्द झालंय. येतानाचंसुद्धा. ही व्हीलचेअरमध्ये बसलेली, मांडीवर मुलीसाठी नेलेला लाडवांचा डबा. त्या दिवशीच्या दराने इकॉनॉमीची दोन तिकिटं काढली. नेवार्कला उतरलो तेव्हा हिचे गुडघे इतके सुजले होते की मुलीने घरी पोचल्यावर आधी बर्फ लावला, चहा नंतर. एजंटला फोन केला तर म्हणे, “कंपनीचा नियम आहे, मी काय करणार?” नियम होताच, आणि तो त्याला माहीत असायला हवा होता. पैशाचं दुःख गेलं. हिने आठ तास सोसलं त्याचा राग अजून आहे, आणि म्हणून मी इथे उभा आहे. पहिला तुकडा सोडलात की तिकीट मेलं. जिथलं तिकीट, तिथूनच बसायचं.

चिठ्ठी आली, सात मिनिटं. बरं, आता भरभर.

भाडं अंतरावर ठरत नाही, निघण्याच्या गावावर ठरतं. लंडनहून न्यूयॉर्कला जाणाऱ्याचं तिकीट बऱ्याचदा त्याची कंपनी भरते, म्हणून भाव चढा. डब्लिन, लिस्बन, ऑस्लोच्या माणसाला मध्ये विमान बदलायला लावायचं तर त्याला स्वस्त द्यावं लागतं. त्यात ब्रिटनचा प्रवासी कर. १ एप्रिल २०२६ पासून न्यूयॉर्कच्या अंतराला इकॉनॉमीत १०२ पाउंड, वरच्या वर्गांत २४४. प्रीमियम इकॉनॉमीसुद्धा ‘वरच्या’तच मोजतात. डब्लिनहून एकाच तिकिटावर येऊन चोवीस तासांच्या आत लंडनहून पुढे जाणाऱ्याला तो लागत नाही. आयर्लंडने तर स्वतःचा असा कर २०१४ मध्येच शून्यावर आणला.

गेल्या वर्षी आम्ही डब्लिनला खरंच गेलो. आदल्या दिवशी. वेगळ्या तिकिटावरचं विमान चुकलं तर पुढची विमान कंपनी जबाबदारी घेत नाही, म्हणून एक रात्र हॉटेल. तिथून थेट न्यूयॉर्क. अमेरिकेचं इमिग्रेशन डब्लिनच्या विमानतळावरच होतं, त्यामुळे पलीकडे उतरलं की देशांतर्गत प्रवाशासारखं बॅग घेऊन बाहेर. व्हीलचेअर असलेल्याला हे किती मोठं आहे, ते रांगेत तास काढलेल्यालाच कळेल.

तारखा. कंपनीच्या खर्चाने फिरणारे लोक ऑगस्टात आणि नाताळात घरी असतात. इकॉनॉमी तेव्हा महाग, पण पुढच्या केबिनमध्ये जागा रिकाम्या राहतात आणि सवलती निघतात. एकेरी तिकीट पुष्कळदा परतीच्यापेक्षा महाग पडतं, दोन्ही बघा.

सगळं परवडत नसेल तर एकच बाजू घ्या, आणि ती येतानाची. जाताना दिवस असतो, माणूस उठतो, फिरतो. येताना रात्र, आणि झोपायला जेमतेम पाच तास. आणखी एक, ‘बिझनेस’ लिहिलंय म्हणून सीट आडवी होतेच असं नाही. आइसलँडएअरची होत नाही. मुलं नेवार्कजवळ असतील तर पॅरिसच्या ओर्लीहून ‘ला कंपनी’चं विमान बघा, ७६ सीटा, सगळ्या बिझनेसच्या. पण तिथून निघायला शेंगेन व्हिसा लागेल.

एव्हिऑस, म्हणजे ब्रिटिश एअरवेजसारख्या कंपन्या प्रवासावर देतात त्या पॉइंटांचं राहिलंच. पुढच्या महिन्यात बोलू. पॉइंटांनी तिकीट काढलं तरी अधिभार रोख भरावा लागतो, आणि लंडनहून तो जड असतो, एवढं आज सांगून ठेवतो.

डब्लिनला जायचं तर ब्रिटनच्या व्हिझिटर व्हिसावर ‘बीआयव्हीएस’ (BIVS, ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजना) ही अक्षरं आहेत का ते तपासा. असतील तर आयर्लंडला त्याच व्हिसावर जाता येतं, आधी ब्रिटनमध्ये उतरलेलं असलं की झालं. चहाला मी त्या खिडकीपाशी बसतोय. पासपोर्ट आणलेत ना? व्हिसाचं पान उघडूनच या.